कामाले मोठा, बोलाले लहान

धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातलं कापूस, मका आणि सोयाबीनचं गाव. इथं मी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये प्रजननाचा धडा आहे. तो सुरू झाला की वर्गातल्या माना खाली जातात. प्रश्न असतात, पण विचारायचे कुणाला आणि कसे, हे मुलांना कळत नाही. म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास मी या बोलण्यासाठी राखून ठेवते. मुलांनी नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहायचे आणि मी ते वाचून सरळ उत्तर द्यायचं, एवढीच रीत.

पहिल्या चिठ्ठ्या शरीराच्या असतात. मुलांना विचारायचं असतं, झोपेत वीर्य गेलं तर अशक्तपणा येतो का. नाही येत, या वयात ते स्वाभाविक आहे. मुली विचारतात, पाळी दर महिन्याला ठरल्या दिवशी का येत नाही. सुरुवातीची वर्ष-दोन वर्षं ती मागंपुढं होऊ शकते. मात्र रक्तस्राव फार होत असेल किंवा दुखणं सहन होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी काही जणी गुपचूप फेकून देतात. ती जेवणानंतर का घ्यायची आणि रक्त कमी असलं की अभ्यासात लक्ष का लागत नाही, हे समजावून सांगितल्यावर घेतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून मुलामुलींशी हेच मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली, आणि त्याच्या कितीतरी आधी, 1927 साली, र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं होतं. एवढी वाट मळलेली असताना शिक्षकानं लाजायचं कारण नाही.

एका शनिवारी मात्र वेगळी चिठ्ठी निघाली. वहीचं फाडलेलं पान, पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘मॅडम, घरी मी कामाले मोठा अन् बोलाले लहान. मंग मी नेमका कोण?’

मी ती मोठ्यानं वाचली आणि विचारलं, असं आणखी कुणाला वाटतं? हळूहळू सगळा वर्ग बोलायला लागला. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला आम्ही मोठे. डेअरीवर दूध घालायला गाडी घेऊन जायला मोठे. धाकट्या भावाला सांभाळायला, भाकरी करायला मोठे. पण वावरात काय पेरायचं, अकरावीला कोणती शाखा घ्यायची, मोबाईलला किती पैसे घालायचे, यात तोंड उघडलं की ‘तुले काय समजते?’

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षांच्या वयाला किशोरवय म्हणते. या वयात शरीर आधी पुढं जातं. परिणामांचा विचार करणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. म्हणून मुलं घाई करतात, धोका पत्करतात. यावर त्यांना गप्प बसवणं हा उपाय नाही. निर्णय घ्यायची समज निर्णय घेऊनच येते, आणि त्याची सुरुवात मोठ्यांच्या नजरेखाली, छोट्या गोष्टींपासून व्हायला हवी.

म्हणून मी वर्गाला एक काम दिलं: घरच्या शेतीचा वर्षाचा हिशोब आईवडिलांना विचारून लिहायचा. शेती नसेल त्यानं मजुरीचा किंवा दुकानाचा लिहायचा. एका मुलानं कपाशीचा लिहून आणला. बीटी बियाण्याचं पाकीट 864 रुपये, खत, निंदण, फवारणी. वेचणी किलोमागे दहा रुपये, म्हणजे क्विंटलमागे हजार. तो 2024-25 चा हंगाम. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,121 रुपये होता आणि खेडा खरेदीत व्यापाऱ्यानं त्याहून कमी दिला होता. पानाच्या तळाशी पीककर्जाचा आकडा होता. तो त्याला पहिल्यांदाच कळला होता.

त्याचे वडील नंतर भेटले. म्हणाले, “मॅडम, लेकराच्या डोक्याले कायले घोर लावा, म्हणून सांगत नव्हतो.” मी म्हटलं, “भाऊ, घोर त्याला दिसतोच आहे. त्याचं कारण तेवढं दिसत नाही.” पुढच्या हंगामात त्यांनी एक एकर मुलाच्या मतानं पेरलं, मका लावला. पैसे फार झाले नाहीत. पण खर्चाचं पान मुलानं स्वतः लिहिलं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं, तेही.

फवारणीचा पंप मात्र मुलांच्या पाठीवर द्यायचा नाही, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक जीव गेले. गाडीचंही तसंच. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला, तर पालकाला 25 हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोठ्यांची जोखीम आणि मोठ्यांचा मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना आपण पहिली सहज देतो आणि दुसरा रोखून धरतो.

मुलींच्या वाट्याला हे जास्त येतं. दहावी झालेल्या एका मुलीची आई दाखला न्यायला आली. पाहुणे यायचे होते. लग्नासाठी मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षं पूर्ण लागतात, हा 2006 चा कायदा तिला ठाऊक होता. काळजी रोजच्या प्रवासाची आणि लोकांच्या बोलण्याची होती. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, हे मी सांगितलं. लहान वयात लग्न लादलं, तर मुलगी 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर मदत मागू शकते, हेही सांगितलं. मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “बारावी होऊ दे आई. मंग पाहुणे आणायचे का नाही, ते मी सांगीन.” आईनं तिच्याकडे पाहिलं आणि दाखला पिशवीत ठेवला. मुलगी आता मोताळ्याच्या बसनं कॉलेजला जाते.

अठराव्या वर्षी मत द्यायचा अधिकार 1989 पासून आहे. ज्या मुलाला अठराव्या वर्षी देशाचं सरकार निवडायचं आहे, त्यानं पंधराव्या वर्षी घरात मत मांडायला शिकायला हवं. आईबापांना माझी एकच विनंती आहे. यंदा मृगाआधी बियाणं घ्यायला जाल, तेव्हा लेकाला आणि लेकीलाही सोबत न्या. हिशोब दाखवा, मत विचारा. पटलं तर तसं करा. नाही पटलं, तर का नाही पटलं ते त्यांना नीट सांगा.