नकाशा त्यांचा, पाणी आमचं

1980 च्या आगेमागे साउथ फ्लोरिडात संसार थाटलेल्या आम्हा मराठी मंडळींना एक जून ही तारीख दोन्हीकडून पाठ होती. तिकडे केरळात मॉन्सून दाखल व्हायची, इकडे हरिकेनचा मोसम सुरू व्हायची. हा मोसम 30 नोव्हेंबरपर्यंत चालतो, म्हणजे आपल्या मृगापासून पार दिवाळीपलीकडे. पहिली काही वर्षं आम्ही त्याला फारसं मनावर घेतलं नाही. मायामीला खरा तडाखा बसला तो 1965 मध्ये, बेट्सीचा. 1979 चं डेव्हिड आम्हाला चुकवून वर निघून गेलं, 1987 चं फ्लॉइड खाली फ्लोरिडा कीजवरूनच सरकून गेलं. शेजारचे क्यूबन आजोबा बेट्सीच्या गोष्टी सांगायचे, तेव्हा आम्ही नव्या सुनेसारख्या माना हलवायचो.

पण नकाशा मात्र घरोघरी होता. जून उजाडला की सुपरमार्केटात गल्ल्याजवळ हे नकाशे फुकट ठेवलेले असत. उजव्या कडेला आफ्रिकेचा किनारा, डाव्या कडेला टेक्सास, आणि मधल्या सगळ्या समुद्रावर अक्षांश-रेखांशांच्या बारीक चौकटी. काही दुकानं तो चक्क तपकिरी कागदी पिशवीवर छापत. भाजी काढून झाली की पिशवी कापायची आणि फ्रिजवर चिकटवायची, की झालं घरातलं हवामान खातं. राष्ट्रीय हरिकेन केंद्राचं बुलेटिन दर सहा तासांनी येई: पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. केंद्र तेव्हा आमच्या गावातच होतं, कोरल गेबल्समध्ये, विद्यापीठासमोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. त्यामुळे ते आपल्या ओळखीतलंच आहे अशा थाटात आमचे पुरुष बोलायचे.

आमचे पुरुष म्हणजे बहुतेक सगळे इंजिनिअर. वादळाने त्यांच्या अंगात काय संचारायचं, देव जाणे! अकराच्या बुलेटिनला रेडिओशी पेन्सिल घेऊन बसायचं, आकडे उतरवायचे, टिंब द्यायचं, टिंबाला टिंब जोडायचं. मग फोनाफोनी. ‘तुमच्याकडे 71 आलं का? मी 71 पूर्णांक एक धरलंय.’ एक भावजी तर मुलाची कंपासपेटी ताब्यात घेऊन कर्कटकाने अंतरं मोजत. ताशी इतके मैल, तर अमुक वाजता अमुक बेट. गणित चोख असायचं. फक्त ते चालू असताना घरात पिण्याचं पाणी किती आहे, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं.

ते खातं आमच्याकडे. आणि या लेखात ते एकदा ठामपणे सांगूनच टाकते, कारण मंडळाच्या कार्यक्रमांत वादळाच्या आठवणी निघतात तेव्हा अजूनही नकाशाचीच वर्णनं होतात.

इथल्या बहुतेक घरांत चूल विजेची. वीज गेली की स्वयंपाकघर संपलं. म्हणून वादळाची चाहूल लागली की पहिल्यांदा फ्रीझर उपसायचा. खोवलेला नारळ, आमरसाचे डबे, भारतातून येताना आणलेलं काय काय: कशाचं आयुष्य किती, ते मनात मांडायचं. मग टिकणारं करायला घ्यायचं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, लाडू. मेतकूट तर ज्या घरात असेल त्या घराचा भाव वाढायचा. पातेली, बादल्या, कुकर, दिसेल ते पाण्याने भरायचं. न्हाणीघरातला टब घासून काठोकाठ, तो संडासासाठी. दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरून ते फ्रीझरमध्ये, म्हणजे बर्फाचा बर्फ आणि पाण्याचं पाणी. गाडीत पेट्रोल. बँकेतून रोकड, कारण वीज गेल्यावर कार्ड कोण घेणार? पासपोर्ट, ग्रीन कार्डं, लग्नाचा अल्बम हे सगळं पिशव्यांत बांधून डिशवॉशरमध्ये, कारण त्याचं दार घट्ट बसतं, आत पाणी शिरणार नाही असा आमचा भरवसा. एरवी आमच्या घरांतला डिशवॉशर धुतलेली भांडी निथळायलाच असायचा. वर्षातून एकदा त्याला असं मानाचं काम मिळे.

अंगणातलं जे जे उडेल ते आत घ्यायचं. कुंड्या, खुर्च्या, मुलांच्या सायकली. ज्यांच्याकडे पोहण्याचा तलाव ते खुर्च्या सरळ तलावात बुडवून मोकळे व्हायचे. माडाचे नारळ उतरवायचे, ही गोष्ट आम्हा कोकणातल्यांना न सांगता कळली. ताशी शंभर मैलांच्या वाऱ्यात नारळ म्हणजे तोफेचा गोळाच. काचांवर चिकटपट्टीची फुली मारायची पद्धत तेव्हा सर्रास होती. तिचा काडीचा उपयोग नाही, हे पुढे अधिकाऱ्यांनीच कानीकपाळी ओरडून सांगितलं. त्या काळी मात्र फुल्या मारलेलं घर म्हणजे तयारीचं घर.

मग 1992 आलं. ऑगस्ट अर्धा सरला तरी त्या मोसमातलं पहिलं नावसुद्धा वापरून झालं नव्हतं. 17 तारखेला ते वापरलं: अँड्र्यू. गुरुवारी, 20 तारखेला, ते मोडल्यातच जमा होतं, आणि फ्रिजवरच्या नकाशातला आमच्या घरचा रस उडाला. शनिवारी सकाळी ते हरिकेन झालं. रविवारी दिवसभर टिंबं पडत होती ती एका आडव्या रेषेत. अक्षांश 25 पूर्णांक चारच्या आसपास, हलायलाच तयार नाही, नुसतं पश्चिमेला सरकतंय. मायामी 25 पूर्णांक आठवर. नेहमी ही वादळं उत्तरेकडे वळतात, तेव्हा हेही वळेल, या आशेवर संध्याकाळपर्यंत पेन्सिली चालू होत्या.

दुकानांत पहाटेपासून रांगा. प्लायवूड संपलं, बॅटऱ्या संपल्या, पावाची फडताळं रिकामी. गंमत अशी की डाळ-तांदळाच्या फडताळाकडे कुणी फिरकलंही नव्हतं. समुद्राजवळच्यांना घरं सोडायचे हुकूम सुटले, आणि आमच्या केंडलमध्ये ज्यांची घरं सिमेंटच्या ठोकळ्यांची, त्यांच्याकडे बाकीची कुटुंबं उतरली. आमच्याकडे तीन बिऱ्हाडं, मुलं वेगळीच. येताना एकेकीने काय उचललं होतं! एकीने देव्हारा, एकीने शिवणयंत्र, एकीने भिजवलेला साबुदाणा. दुसऱ्या दिवशी शेवटचा श्रावणी सोमवार होता, आणि वादळ आलं म्हणून उपास मोडायचा, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मध्यरात्र उलटल्यावर वीज गेली. बॅटरीच्या रेडिओवर चॅनेल चारच्या ब्रायन नॉरक्रॉस यांचा आवाज होता. ते सलग 23 तास बोलत राहिले. घराच्या मध्यभागी जा, खिडकी नसलेली जागा पाहा, गादी जवळ ठेवा, वेळ आली की अंगावर ओढा. मायामीतल्या एका अख्ख्या पिढीला तो आवाज घरच्या माणसाचा वाटतो, याचं नवल नाही. आम्ही कपड्यांच्या खोलीत मुलं कोंबली आणि वर गाद्या घेतल्या. कानांत दडे बसल्यासारखं झालं, हवेचा दाब उतरत होता म्हणून. आवाज असा, की पिठाच्या गिरणीत पट्ट्याला खेटून उभं राहावं आणि गिरणी थांबूच नये. मधूनच छपरावरचं काहीतरी सुटून जाई. पुरुष गप्प होते. टिंब देण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, कारण टिंब आमच्या डोक्यावर होतं. पाचच्या सुमाराला अँड्र्यू होमस्टेडच्या बाजूने जमिनीवर आलं. त्याच पहाटे खुद्द हरिकेन केंद्राच्या छपरावरचा रडार उखडून पडला. तिथे 164 मैलांचा झोत नोंदला गेला होता.

उजाडल्यावर पाहिलं तर आमचं अर्धं छप्पर गेलेलं, पण भिंती उभ्या. पलीकडच्या लाकडी घरांच्या वसाहतीत भिंतीही नव्हत्या. डेड काउंटीत पंचवीस हजारांवर घरं नाहीशी झाली होती. रस्त्यांच्या पाट्या उडालेल्या, झाडं आडवी, ओळखीच्या वळणावर माणूस हरवत होता. विम्याच्या माणसाला घर सापडावं म्हणून लोकांनी भिंतींवर रंगाने घरनंबर आणि विमा कंपनीचं नाव भलंमोठं लिहून ठेवलं. दुपारी त्या साबुदाण्याची खिचडी झाली, अंगणात, कॅम्पिंगच्या स्टोव्हवर. शेजारचे क्यूबन आजोबा आपल्याकडची कॉफी घेऊन आले आणि खिचडीची वाटी हातात धरून उभे राहिले. त्यांनी ती संपवली, एवढं सांगते.

पाणी आमचंच पुरलं. टब, पातेली, कॅन. गल्लीतल्या चार घरांना पुरलं.

त्यानंतरचे दिवस तपशिलाने सांगण्यात अर्थ नाही. उन्हाळा, डास, बर्फासाठी रांगा, सैन्याचे तंबू, फटफट करणारे जनरेटर. काउंटीच्या आपत्ती विभागाच्या प्रमुख केट हेल यांनी पत्रकारांसमोर, मदतीचं घोडदळ आहे तरी कुठे, असा जाहीर सवाल केला आणि मग कुठे वॉशिंग्टन हललं. भारतातून फोन लागायला फार वेळ लागला. लागला तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते गणपतीचं. गणेशचतुर्थी पुढच्याच सोमवारी, 31 तारखेला होती. गणपती बसला, निळ्या ताडपत्रीखाली. मोदकांचं सामान नव्हतं, डब्यातले लाडू होते.

2002 मध्ये शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि अँड्र्यूला चौथ्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत घातलं. त्या दिवशी मंडळातल्या पुरुषांच्या चेहऱ्यावर एखादा दावा जिंकल्याचं समाधान होतं. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं,’ असं म्हणणारे निदान पाच तरी मला माहीत आहेत.

अँड्र्यूनंतर बांधकामाचे नियम कडक झाले. खिडक्यांवर ॲल्युमिनियमच्या नालीदार पट्ट्या चढवायच्या, प्रत्येक पट्टीला तिची जागा ठरलेली. आमच्या घरी मी मार्करने देवनागरीत लिहून ठेवलं होतं: ‘देवघर डावी’, ‘स्वयंपाकघर मधली’, ‘मुलांची, वरून दुसरी’. शेजारचा मुलगा मदतीला आला की पट्ट्या उलट्यासुलट्या करून बघायचा आणि शेवटी मलाच हाक मारायचा. 2005 मध्ये विल्मा आलं, 24 ऑक्टोबरला, आणि काही वस्त्यांत दोन आठवड्यांवर वीज नव्हती. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला. आकाशकंदिलात बॅटरी ठेवली होती. 2017 च्या इर्माच्या वेळी पासष्ट लाखांच्या आसपास लोकांना घरं सोडायचे आदेश निघाले, उत्तरेचे हमरस्ते तुंबले, पेट्रोल मिळेना, आणि अटलांटातली आमची मुलं दर तासाला फोन करून ‘आई, निघा’ म्हणत होती. आम्ही निघालो नाही. त्यात शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही. सत्तरी जवळ आलेल्या माणसांना बारा-पंधरा तास गाडीत कोंडून घेण्यापेक्षा गादीखाली बसणं बरं वाटलं, इतकंच. ऐन वेळी वादळ कीजवरून पश्चिम किनाऱ्याकडे गेलं.

फ्रिजवरचा नकाशा एव्हाना गेला होता. फोनवर वादळाच्या संभाव्य वाटेचा रंगीत शंकू दिसायला लागला होता, आणि त्या शंकूच्या मधल्या रेषेवर आमच्या घरचं माणूस तासन्‌तास बोट फिरवत बसायचं. साधन बदललं, खातं तेच.

मग 2020 च्या जूनमध्ये शंकू वेगळ्याच किनाऱ्यावर पडला. अरबी समुद्रात, रायगडवर. वादळाचं नाव निसर्ग. माझी मावशी श्रीवर्धनची, वाडीतलं घर, माड-पोफळी, कौलारू छप्पर. करोनामुळे मुंबईची मुलं तिच्याजवळ जाऊ शकत नव्हती. आमच्याकडे 2 जूनची संध्याकाळ, तिच्याकडे तीनची पहाट. व्हॉट्सॲपवर भाऊमंडळींचे नकाशे धडाधड येत होते, वेग, दाब, वादळाचा डोळा अलिबागच्या वर की खाली. मी फोन लावला. तो लागला.

‘मावशी, पाणी भरून ठेवलंस?’

‘अगो, विहीर आहे. पण वीज जाईल, पंप चालायचा नाही, म्हणून कळशीला दोर बांधून ठेवलाय. हंडे भरलेत. चुलीला लाकडं आत घेतलीत. भाकऱ्या थापून झाल्यात.’

‘कागदपत्रं?’

‘सातबारा नि पासबुकं पिठाच्या डब्यात. पत्र्याचा आहे, झाकण घट्ट बसतं. गुरं सोडलीत, बांधलेली मरतात.’

‘माजघरात बस, खिडकीपाशी जाऊ नको. गादी जवळ ठेव.’

‘गादी कशाला?’

मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘बरी युक्ती आहे हो. आता ठेव, बॅटरी संपेल. आणि त्या तुझ्या भावाला सांग, मला नकाशे पाठवू नको म्हणावं, उघडतच नाहीत.’

दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. त्यानंतर किती तरी दिवस श्रीवर्धनचा एकही फोन लागला नाही. लागला तेव्हा कौलांचं तिने एका वाक्यात आटोपलं. पोफळींवर मात्र अर्धा तास बोलली: किती मोडल्या, किती मुळासकट गेल्या, नवी रोपं कुठून आणायची, आणि पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, तेव्हा लावणी याच पावसात उरकायला हवी, मजूर मिळोत न मिळोत.