टाकळीचा दक्षिणावर्ती

नागपूरजवळच्या टाकळीच्या बाजूला गेल्या उन्हाळ्यात एका घराचा पाया खणला जात होता, आणि उपसलेल्या मुरमाच्या ढिगावर, काळ्या फत्तरांच्या गर्दीत, राखी रंगाच्या कठीण दगडाचा एक चपटा तुकडा पडलेला होता. त्यातून अंगठ्याच्या पेराएवढा शंख अर्धा वर आलेला होता. टोक वर धरले की त्याचे मुख डाव्या हाताला येई. देवघरात आपण शंख ज्या रीतीने धरतो त्या रीतीने टोक खाली केले, की तेच मुख उजवीकडे जाई. ज्या दक्षिणावर्ती शंखाच्या शोधात भाविक माणसे आयुष्यभर असतात, तेच वळण फायसा नावाच्या या गोगलगायीच्या साऱ्या कुळाला जन्मतःच लाभलेले आहे.

गोगलगाय गोड्या पाण्यातली, आणि तिच्या वर-खाली दोन्हीकडे अग्निजन्य काळा पाषाण! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमी दुभंगून लाव्हा वाहिला आणि त्याने व्यापलेला पाच लाख चौरस किलोमीटरांचा मुलूख आजही दख्खनच्या अंगावर आहे, हे आपण शाळेत शिकतो. परंतु ते लोट एकसारखे आले नाहीत, एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत मोठी उसंत मिळे, आणि तेवढ्या अवधीत थिजलेल्या खडकावर तळी साचत, काठाला ताडकुळातली झाडे वाढत, पाण्यात मासे आणि गोगलगायी नांदत. सीताबर्डीच्या टेकडीतही त्या तळ्यांचा पातळ थर आहे. मला त्या प्रलयंकर उद्रेकांपेक्षा ही उसंतच अधिक मोहविते.

ती वाचण्याचा पहिला मान रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी 1845 साली भोसल्यांच्या नागपुरात आला, मराठी शिकला, शाळा काढून बसला. त्याच्या धर्मकार्याविषयी कोणाचे काहीही मत असो, पण चालताना पायाखाली पाहण्याची जी विद्या त्याला साधली होती तिच्यापुढे माझे मस्तक नम्र होते. 1851 साली सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळीच्या परिसरात त्याला हे शंख सापडले, आणि मग त्या पातळ थरातून फळे, बिया, माशांची खवले, कीटकांचे अवशेष असा एक संपूर्ण बुडालेला संसार हाती येत गेला. 1855 साली लंडनच्या भूशास्त्रीय सभेच्या त्रैमासिकाने नागपूर परिसराच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध छापला. मांगलीच्या खडकात मिळालेल्या रुंद डोक्याच्या उभयचराचे वर्णन रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाने केले. एवढ्याने या माणसाची तृप्ती झाली नाही. गोंडांची गीते आणि कथा त्याने टिपून ठेवल्या, आणि ते कागद त्याच्या मृत्यूनंतर, 1866 साली, रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केले. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून तो बोरीच्या मुक्कामाकडे परतत होता. वाटेत पुराचे पाणी होते. त्यात बुडून वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. दगडांत जिरलेल्या प्राचीन पाण्याचा माग काढणारा हा मनुष्य जिवंत पाण्यात जावा, याचे मला आजही दुःख होते.

आणि ही तळी तरी या भूमीच्या दप्तरातली अगदी अलीकडची नोंद! चंद्रपूर जिल्ह्यात, जेथे वैशाखात पारा सत्तेचाळीस अंशांवर सहज चढतो, तेथे इरई गावाजवळ चुनखडीच्या जुन्या शिळेवर समांतर ओरखडे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, हा प्रदेश गोंडवनभूमीचा भाग होऊन दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता तेव्हा, हिमनदीने गोटे घासत नेले त्याच्या या खुणा. बर्फ ओसरले, दलदली माजल्या, जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसॉप्टेरिसची वने उभी राहिली आणि तीच गाडली जाऊन उमरेड-कामठीचा कोळसा झाली. थंड हवेत वाढलेली ती पाने जाळून निर्माण केलेल्या विजेवर आमच्या उन्हाळ्यातले पंखे फिरतात.

मात्र या सर्वांहून मला प्रिय आहे तो वरोरा तालुक्यातील पिजदुऱ्याचा दाखला. तेथील तांबड्या मातीत प्रचंड डायनासोरांची हाडे आहेत, आणि हाडांबरोबर दगड बनलेली विष्ठाही. गवत हे डायनासोरांच्या अस्तानंतरच पसरले असे विद्वान मानीत होते. 2005 साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवून दिले. कण एकाच जातीचे नव्हते. भाताच्या आणि बांबूच्या नात्यातले गवतही त्यांत निघाले. ज्या झाडीपट्टीत आज धानाची बांधी लावली जाते तिच्या शेजारी, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, धानाच्या नात्यातले गवत चरले जात होते, एवढी गोष्ट कळली तरी विदर्भातला शेतकरी आपल्या बांधाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहील असे मला वाटते. सिंहासारख्या दाताच्या प्राण्यांची चित्रे पाहून मुले हरखतात. पण चरणाऱ्या प्राण्याचे पोट उघडून त्यातला घास दाखविणे हे मला अधिक मोलाचे ज्ञान वाटते.

वरोरा-चंद्रपूरच्या शाळांनी आपल्या मुलांना एकदा पिजदुऱ्याच्या शिवारात अवश्य न्यावे, शेतमालकाची परवानगी घेऊन न्यावे, आणि तेथला एकही दगड खिशात घालू देऊ नये.