वालदेमोसाची वाट

स्पेनच्या मायोर्का बेटावर देइया गावाहून त्रामुंताना पर्वत ओलांडून वालदेमोसा या ऐतिहासिक गावी जाता येते. वाटेत ऑलिव्हची झाडे, चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती आणि खाली निळा समुद्र दिसतो. वालदेमोसाच्या जुन्या मठात संगीतकार शोपँ १८३८-३९ च्या हिवाळ्यात प्रकृतीसाठी राहिले. परंतु दमट थंडीने त्यांचे दुखणे बळावले. तेव्हा आपण ऋतू पाहूनच निघावे. चढावर धाप आपल्याला थांबवते. उतारावर मात्र गुडघ्यांवरचा भार उशिरा जाणवतो. काठी घ्यावी, पावले लहान टाकावीत. सोबत ज्येष्ठ असल्यास सर्वांनी त्यांच्या चालीने चालावे. थकवा वाटला, तर निःसंकोच मागे फिरावे. वालदेमोसाला बसनेही जाता येते. मठ दोघांचेही सारखेच स्वागत करतो.