सुई टोचून घेण्याआधी

पुणे, १२ जानेवारी २०२२

चि. सानिका,


“मुलांना कोरोना झाला तरी दोन दिवस ताप येऊन जातो, मग मी लस कशाला घेऊ?” असं तू आईला विचारलंस आणि “सगळे घेतायत म्हणून” एवढंच उत्तर मिळालं. ते मलाही पुरेसं वाटत नाही. ३ जानेवारीपासून १५ ते १८ वयाच्या मुलांचं लसीकरण सुरू झालंय. होकार आईबाबांनी द्यायचा असला तरी दंड तुझा आहे. तेव्हा खरं काय ते तुला आधी कळलं पाहिजे.

तुझं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. तुझ्या वयात हा आजार जिवावर बेतण्याची शक्यता आजी-आजोबांपेक्षा कितीतरी कमी. पण काही थोड्या मुलांना कोविड होऊन गेल्यावर, सगळं आटोपलं असं वाटत असताना, दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा सणकून ताप येतो. डोळे लाल होतात, पोट दुखतं, कधी हृदयालाही सूज येते. याला एमआयएस-सी म्हणतात. हे क्वचित होतं, पण कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. दमा, मधुमेह किंवा लठ्ठपणा असलेल्या मुलांना तर कोविडच जड जाऊ शकतो.

तुला मिळेल ती कोव्हॅक्सिन. तिच्यासाठीचा विषाणू आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा केला गेला. तो वाढवून, रसायनाने पूर्ण निष्क्रिय करून हैदराबादला लस बनते. मेलेला विषाणू आजार देऊ शकत नाही, पण शरीर त्याला ओळखायला शिकतं. रेबीजची लस याच जुन्या पद्धतीची.

आता दुसरी बाजू. मुलांवरची चाचणी ५२५ जणांवर झाली. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार होते का, हे तेवढ्यांत समजतं. लाखात एखाद्याला होणारा त्रास मात्र तेवढ्यांत दिसेलच असं नाही. माझा भरवसा आहे तो वर्षभर मोठ्यांना दिल्या गेलेल्या कोट्यवधी डोसांवर आणि पुढेही ठेवल्या जाणाऱ्या देखरेखीवर. शिवाय कोरोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार लस घेतलेल्यांनाही गाठतोय. त्यामुळे “लस घेतली की कोरोना होत नाही” असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. आजार गंभीर होऊ नये, एवढ्यासाठी ती घ्यायची.

आमच्या लसीकरणाच्या टेबलावर सध्या तुझ्याच वयाची मुलं येतात. रांगेत एकमेकांना चिडवणारी मुलं खुर्चीत बसली की गप्प होतात. परवा एक मुलगी टोचल्यावर उठली आणि दोन पावलांवर मटकन खाली बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यात भीती. पाय वर करून झोपवलं, पाणी दिलं, थोड्या वेळात हसायला लागली. म्हणून तू पोहे खाऊनच ये, सैल बाह्यांचा कुर्ता घाल आणि चक्कर येण्याची सवय असेल तर आधीच सांग. अर्धा मिलिलिटर औषध, क्षणभराचं काम. नंतर अर्धा तास मात्र बसायचंच; तीव्र ॲलर्जी आलीच तर बहुधा त्या वेळातच येते आणि तिच्यावरचं इंजेक्शन आमच्या हाताशी असतं.

हात दुखेल, कदाचित कणकण वाटेल. काही ठिकाणी मुलांना सरसकट पॅरासिटामॉल घ्यायला सांगतायत. कोव्हॅक्सिननंतर तशी गरज नाही, असं ती बनवणाऱ्या कंपनीनेच कळवलंय. त्रास वाढला तर डॉक्टरांना विचारायचं. दुसरा डोस २८ दिवसांनी. तो चुकवायचा नाही.

मी तुझ्या जागी असते तर घेतली असती. तू माझी भाची आहेस म्हणून तर हे आणखी ठामपणे सांगते. तरीही मनात काही राहिलं असेल तर रात्री नऊनंतर फोन कर, कितीही प्रश्न विचार. तुझं समाधान झालं की मगच नोंदणी करू.

तुझी,
मावशी