आखाडाची कोंबडी आणि मानमोडीची लस

आखाड लागला की आपल्या बारामती-इंदापूर भागात गावरान कोंबडीचा भाव चढतो. श्रावणाच्या आत घरोघरी बेत होतोच. हळद चोळलेली कोंबडी जाळावर भाजायची, चुलीतच भाजलेलं कांदा-खोबरं वाटून रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. ब्रॉयलर 40-45 दिवसांत विकायला येतो, गावरान पक्ष्याला 5-6 महिने लागतात. भाव त्याचाच आहे.

आमच्याकडं हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात येतो. उसाचं बिल कुणाच्या खात्यावर जातं ते सांगायला नको. आणि नेमका हाच पैसा मानमोडी खाऊन टाकते. रोग शिरला की बघता बघता खुराडं रिकामं.

लस आहे, महागही नाही. अडचण वेगळीच आहे. बाटली येते 100 किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी एकटी बाई ती कशाला आणेल?

म्हणून सुचवतो. वस्तीवर एक दिवस ठरवा. बचत गटानं यादी करावी, ग्रामपंचायतीनं खर्च उचलावा, पशुवैद्यकीय दवाखान्यानं माणूस द्यावा. लस बर्फातून आणायची. पिल्लांना लासोटाचे थेंब, मोठ्या पक्ष्यांचं डॉक्टर सांगतील तसं. आजारी पक्ष्याला मात्र देऊ नका.

ग्रामसभेत रस्ते-गटारीवर आपण तासन् तास बोलतो. मंडळी, यावेळी दहा मिनिटं कोंबड्यांनाही द्या. आणि हा विषय बायकांनाच मांडू द्या.