बिनपगारी, फुल अधिकारी

मी लुइझियानात राहायला आलो ते ऐंशीच्या दशकात. आमच्या छोट्या गावात सिनेमाचं थिएटर एक, भारतीय कुटुंबं चार आणि करमणूक म्हणाल तर कॉलेजचं बेसबॉल. हेड कोचचं नाव गावभर व्हायचं, पेपरात फोटो यायचा. माझ्या मात्र लक्षात राहिला तो त्याचा असिस्टंट. आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत तो भाड्याने राहायचा. मैदानाचं गवत तोच कापायचा, खडूच्या पांढऱ्या रेषा तोच मारायचा, पाऊस आला की पोरांच्या नावाने शंख करत ताडपत्रीही तोच ओढायचा. मॅच संपली की मळक्या गणवेशांचं गाठोडं वॉशिंग मशीनमध्ये कोंबून तिथेच बाकावर बसून डुलक्या काढायचा. आपल्याकडच्या सवयीने मी एकदा त्याला पगार विचारला. तो खो खो हसला आणि म्हणाला, “उन्हाळ्यात शाळकरी पोरांची शिबिरं घेतो की!”

त्याच्या हातात कायम एक क्लिपबोर्ड आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल असायची. आपल्या पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू तो कागदावर टिपायचा. फास्टबॉल असेल तर १, कर्व्ह असेल तर २, चेंजअप असेल तर ४. शेजारच्या चौकटीत चेंडू कुठे पडला त्याचा ठिपका. पुढचा चेंडू कोणता टाकायचा तेही डगआउटमधूनच ठरायचं. कॅचर मान वळवून बघायचा आणि कोच टोपी, नाक, कान, हनुवटी असा चेहऱ्यावरून झरझर हात फिरवायचा. त्यातली एकच खूण खरी, बाकी सगळ्या समोरच्यांना चकवायला. वेग मोजायची रडारगन होती, पण तीही संघात एकच. ही रडारगन बेसबॉलमध्ये आणली तीसुद्धा कॉलेजच्याच एका कोचने. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या डॅनी लिटव्हायलर यांनी १९७४ मध्ये कॅम्पस पोलिसांचं गाड्यांचा वेग मोजायचं यंत्र पाहिलं आणि ते पिचरवर रोखलं.

या राबण्यामागे एक हिशेब असायचा. तालमीतला थोरला पठ्ठा जसा वस्तादाच्या शब्दाबाहेर न जाता वर्षानुवर्षं माती उकरतो आणि मग कधीतरी स्वतःची तालीम काढतो, तसा तो हिशेब. स्किप बर्टमन हे त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. १९७६ ते १९८३ अशी आठ वर्षं ते मायामी विद्यापीठात रॉन फ्रेझर यांचे असिस्टंट होते. १९८२ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये मायामीने केलेली फसवणूक आजही तिथले म्हातारे रंगवून सांगतात, आणि तिचं श्रेय बर्टमन यांनाच देतात. विचिटा स्टेटचा फिल स्टीफन्सन हा त्या मोसमात ८७ बेस चोरलेला गडी. तो पहिल्या बेसवर उभा. मायामीच्या पिचरने त्याच्याकडे चेंडू फेकल्याचं नुसतं सोंग केलं. पहिल्या बेसवाल्याने हवेत झेप घेतली, सगळे “गेला, गेला” म्हणत उजव्या कोपऱ्याकडे धावले, बाकावरची पोरंही तिकडेच बोटं दाखवायला लागली. स्टीफन्सन सुसाट दुसऱ्या बेसकडे निघाला, आणि चेंडू होता पिचरच्याच हातात. गडी बाद! मायामीने ती मॅच एका धावेने जिंकली आणि पुढे विजेतेपदही. दोन वर्षांनी बर्टमन आमच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात हेड कोच म्हणून आले आणि त्यांनी पाच विजेतेपदं मिळवून दिली.

मी हे जुने दिवस मोठ्या कौतुकाने सांगत आलो. पण असिस्टंट कोचांच्या त्या गरिबीत निष्ठेचा भाग किती आणि नियमाचा किती, हे पुढे कळत गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने खर्च आवरायचा म्हणून एका प्रकारच्या असिस्टंट कोचची वर्षाची कमाई १६,००० डॉलरवर बांधून टाकली. कोच कोर्टात गेले, जिंकले आणि १९९९ मध्ये एनसीएएला ५.४५ कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. तरी बेसबॉलमधली एक पळवाट राहिलीच. हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि चौथा ‘व्हॉलंटियर’. काम पूर्णवेळ, पगार शून्य. त्याने शिबिरं घ्यावीत, खासगी शिकवण्या कराव्यात, बायकोच्या नोकरीवर घर चालवावं. शाळांच्या मैदानांवर हिंडून खेळाडू शोधायला त्याला बंदी होती, म्हणजे ज्या कामामुळे पुढची नोकरी मिळते तेच काम त्याला वर्ज्य. २०१९ मध्ये या चौथ्या माणसाला पगार द्यायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि आपटला. शेवटी १ जुलै २०२३ पासून व्हॉलंटियर हा प्रकारच मोडीत निघाला. त्यालाही आणखी एका खटल्याची पार्श्वभूमी होतीच.

आता विद्यापीठाच्या मैदानावर जावं तर असिस्टंट कोच ओळखू येत नाही. क्लिपबोर्डच्या जागी टॅबलेट आला. चेंडू मोजायला कॅचरच्या मागे ट्रॅकमॅनचं रडार, पिचरच्या पुढे रॅप्सोडोचा डबा. चेंडू मिनिटाला किती गिरक्या घेतो आणि किती इंच वळतो, ते पोरगं पुढचा चेंडू उचलायच्या आत पडद्यावर हजर. नाक-कान चाचपायची गरज उरली नाही. कोच बटण दाबतो आणि निरोप थेट मैदानात पोचतो. खुणा चोरायची कला त्यामुळे पार बुडाली, आणि ती चोरणारे तरबेज बाकबहाद्दरही बेकार झाले.

बदल्या तर विचारू नका. वेस जॉन्सन हे आर्कन्सॉचे पिचिंग कोच २०१८ च्या शेवटी थेट मिनेसोटा ट्विन्समध्ये गेले. कॉलेजातून एकदम व्यावसायिक मेजर लीगमध्ये अशी उडी त्याआधी क्वचितच कुणी मारली होती. पुढचं ऐकून तर आमचे जुने लोक चक्रावले. २०२२ च्या ऐन मोसमात ट्विन्स सोडून ते लुइझियाना स्टेटमध्ये आले, तेही असिस्टंट म्हणूनच! म्हणजे मेजर लीग सोडून यावं असं आता या नोकरीत काहीतरी आहे. वर्षभरात संघ राष्ट्रीय विजेता झाला आणि जॉन्सन जॉर्जियाचे हेड कोच होऊन निघूनही गेले.

त्याच वर्षी त्यांच्या हाताखालच्या पिचर पॉल स्कीन्सने २०९ फलंदाज स्ट्राइकआउट करून बेन मॅकडोनाल्डचा १९८९ पासूनचा २०२ चा कॉन्फरन्स विक्रम मोडला. दोघेही पुढे मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडले गेले. पण मॅकडोनाल्ड आमच्याच राज्यातला, बर्टमन यांच्या हाताखाली तीन मोसम घडलेला. स्कीन्स एअर फोर्स अकादमीतून बदली घेऊन आलेला, एक मोसम खेळून गेलेला. शिकवणारा एक वर्षाचा, शिकणाराही एक वर्षाचा. आणि कामगिरी म्हणाल तर जुन्यांपेक्षा वरचढ. त्यामुळे “पूर्वीची सर नाही” असं म्हणायची सोय राहिली नाही.

बदललं ते वेगळंच. पूर्वी संपूर्ण संघात मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या. त्या अर्ध्या-पाव वाटत असिस्टंट कोच आईबापांच्या स्वयंपाकघरात बसून तासन्‌तास समजूत घालायचा. एकदा पोरगा आला की तीन-चार वर्षं त्याचाच. त्याचे गुण, त्याची परीक्षा, त्याचं प्रेमप्रकरण, सगळं कोचला ठाऊक. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नावं नोंदवणारं ट्रान्सफर पोर्टल आलं, २०२१ पासून खेळाडूंच्या हाती जाहिरातींचे पैसे आले, २०२५ पासून मोठ्या विद्यापीठांना ३४ च्या ३४ खेळाडूंना स्कॉलरशिप द्यायची मुभा मिळाली. आता मोसम संपला रे संपला की असिस्टंट फोन घेऊन बसतो. कोण चाललं, कोण येतंय, कुणाला किती हवेत. जो गेल्या मोसमात त्याने घडवला तोच फेब्रुवारीत समोरच्या डगआउटमध्ये दिसतो. आमच्या शेजारच्या कोचला हे झेपलं नसतं. पण त्याला आरोग्यविमा नव्हता, आणि लग्न त्याने पैशांपायी लांबवलं होतं, हेही मला माहीत आहे. ज्यांच्या घरी चार पैसे होते तेच फुकट राबायला टिकायचे. बाकीचे किती हुशार कोच विम्याच्या पॉलिसी विकायला लागले, त्याची नोंद कुठल्याच क्लिपबोर्डवर नाही.

जुने दिवस पुरते गेले असंही समजू नका. डिव्हिजन थ्रीच्या लहान कॉलेजांत आजही अर्धवेळ पगारावर पूर्णवेळ राबणारे असिस्टंट आहेत. रेषा तेच मारतात, व्हॅन तेच चालवतात आणि पोरांना चार-चार वर्षं सांभाळतात. स्मरणरंजनाची हौस असेल त्याने एखाद्या शनिवारी तिथे जाऊन बसावं, मीही जातो. फक्त त्यांच्या निष्ठेला टाळ्या वाजवताना, त्यांचं घरभाडं कोण भरतं एवढं विचारायची सवय मला आता लागली आहे.