एका दिवसाचें अंतर

ग्रीन कार्ड हातीं आलें म्हणजे गंगेंत घोडें न्हालें, असें आम्हां घरच्या मंडळींस वाटतें. माझ्या पुतण्यास तें मिळालें तेव्हां आमच्या घरीं पेढे वांटले गेले. तें नागरिकत्व नव्हे, कायम वास्तव्याची परवानगी आहे, असें सांगणारा मी त्या आनंदांत अरसिकच ठरलों! पण ही परवानगी कधीं कधीं एका दिवसाच्या हिशेबावर टिकून असते, हें वाचकांस सांगण्यासारखें आहे.

अमेरिकेंत चोरी, मारहाण इत्यादि अपराधांची शिक्षा बहुधा त्या त्या संस्थानाचें न्यायालय देतें. परकीयानें देशांत राहावें कीं नाहीं, हें मात्र मध्यवर्ती सरकार ठरवितें. १९९६ सालच्या मध्यवर्ती कायद्यानें चोरी किंवा हिंसा यांबद्दल एक वर्षाची शिक्षा झाल्यास तो अपराध 'घोर' ठरविला. तत्पूर्वीं ही मर्यादा पांच वर्षांची होती. असा अपराधी हद्दपारीस पात्र होतो, आणि कायम रहिवाशास एरवीं मिळूं शकणारी हद्दपारी रद्द करण्याची सवलतहि त्यास उरत नाहीं. नवल हें कीं, शिक्षा भोगलेली असलीच पाहिजे असें नाहीं. न्यायाधीशानें ३६५ दिवसांची सजा सुनावून ती सगळी तहकूब ठेवली, अपराधी संध्याकाळीं घरीं जेवावयास आला, तरी हिशेबीं तें पुरें वर्षच.

पंचांगांत तिथीचा क्षय होतो, तसा मग कांहीं संस्थानांनीं वर्षांतला एक दिवस गाळला. वॉशिंग्टन संस्थानानें (राजधानीचें शहर नव्हे) २०११ त, कॅलिफोर्नियानें २०१५ पासून व न्यूयॉर्कनें २०१९ त किरकोळ अपराधांची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली. कोणी हिला पळवाट म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. दुकानांतली वस्तु उचलणाऱ्यास बायकामुलांपासून कायमचें तोडावें, असें शिक्षा देणाऱ्याच्या मनांत क्वचितच असेल. जुना कायदा हें जाणत होता. १९१७ पासून १९९० पर्यंत त्याच न्यायाधीशास, ह्यास हद्दपार करूं नये, अशी शिफारस करतां येई आणि ती सरकारवर बंधनकारक असे. तो अधिकार गेला, म्हणून ही दिवसांची वजाबाकी करावी लागली.

तीहि सर्वांस तारीत नाहीं. कॅलिफोर्नियानें आपली दुरुस्ती मागील खटल्यांसहि लावली. परंतु अमुक अपराधास किती शिक्षा होऊं शकली असती, हा जेथें प्रश्न येतो, तेथें अपराध शाबीत झाला त्या वेळचाच कायदा पाहावयाचा, असें इमिग्रेशन अपील मंडळानें २०१८ सालीं ठरविलें, आणि त्या भागाच्या अपील न्यायालयानें २०२१ त तें उचलून धरलें.